चुंबळीवर डिझेलची टाकी

परवा मुलाची गाडी दाखवायला बीडला गेले होते. गॅरेजवाल्यानं कुठलंसं बटण दाबलं आणि अख्खी गाडी आमच्या डोक्यांच्या वर गेली. खाली एक माणूस आरामात उभा राहून, फोन खांद्यानं कानाशी दाबून, बोल्ट खोलत होता. मी म्हटलं, "एवढं सोपं असतं होय?" मुलगा म्हणाला, "आई, तुला काय कळतंय त्यातलं?" गाडीच्या पोटातली टाकी मी माझ्या डोक्यावर उतरवून घेतलीय, हे त्याला सांगून पटलं नसतं. तेवढ्यात डिझेलचा वास आला आणि मला सपाटून भूक लागली. हे माझं जुनंच आहे. लोकांना त्या वासानं मळमळतं, मला भाकरी आठवते.

तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि दुष्काळ मात्र आमच्या घरात माझ्याआधीच नांदायला आला होता. गाव वडवणीकडचं. विहिरींना तळ दिसायला लागला, कडबा संपला, आणि गावातली जनावरं छावणीत गेली. साखर कारखान्याला गाळायला ऊस नव्हता, म्हणून कारखान्यामागचा मोकळा माळ छावणीला दिलेला. जनावरांबरोबर प्रत्येक घरचा एक गडी तिथंच राहायचा. आमच्या घरचे आमचे 'हे' गेले.

त्या माणसांची पोटं गावातून भरायची. आमच्या दूध सोसायटीची एक जुनी व्हॅन होती. ती सकाळी अंधारात घरोघरच्या भाकरी गोळा करून छावणीला जायची आणि येताना तिथल्या म्हशींचं दूध घेऊन यायची. डबे कुणाकडं होते? भाकरी फडक्यात बांधायची. प्रत्येक घरचं फडकं वेगळं, आमचं माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचं. भाकरी गेली की संध्याकाळी रिकामं फडकं घडी होऊन परत यायचं. घडीत कुणी बोरं पाठवायचं, कुणी लेकरासाठी साखरेचा खडा. शेजारणी फडकी मोठ्या कौतुकानं उलगडायच्या. माझ्या फडक्यात काही नसायचं, कारण आमचा अबोला चालू होता.

भांडण कालवडीवरून झालं. लग्नात माहेरानं मला एक कालवड आंदण दिली होती. कपाळावर पांढरा टिळा, आणि मी दिसले की मान वाकडी करून हंबरायची. छावणीत घरटी ठरावीकच जनावरं घ्यायचे. ह्यांनी बैल आणि म्हैस ठेवली आणि कालवड वडवणीच्या बाजारात नेऊन विकली. मी पाण्याला गेले होते, येऊन बघते तर दावं रिकामं. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. ती उपाशी मरावी असं मला थोडंच वाटत होतं? पण विचारायला काय तोंड दुखत होतं? मी तोंडाला येईल ते बोलले, आणि तेही चार बायांसमोर बोलले. हे वाढलेलं ताट तसंच सोडून बैलं घेऊन छावणीला निघून गेले.

त्यानंतर रोज मी भाकरी पाठवायचे आणि रोज फडकं परत यायचं. शब्द नाही. माझाही राग काही कमी नव्हता. मी फडक्याची गाठ अशी करकचून बांधायचे की सोडताना दात लावावे लागावेत. खा म्हणावं, पण सुखानं खाऊ नका. भाकरीबरोबर नुसतं मीठ-मिरची. ह्यांना शेंगदाण्याची चटणी जीव की प्राण हे माहीत असून मी कधी घातली नाही. घरात भांडायला ते असते तर राग केव्हाच उतरला असता. एकटीनं राग धरून बसायचा म्हणजे जड जातं.

शेवटी मीच थकले. एका सकाळी उखळात शेंगदाणे घातले, लसूण जरा जास्त टाकला. भाकरी फडक्यात ठेवल्या आणि गाठ मारली ती अगदी सैल, एका बोटानं सुटेल अशी. एवढ्यानं ह्यांना कळेल की नाही, याचीच धाकधूक. कळलं तर संध्याकाळच्या फडक्यात काहीतरी येईल. नाही आलं तर मग आपण समजून जायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. काय समजून जायचं ते मात्र ठरवलं नव्हतं.

आणि नेमकी त्याच दिवशी गाडी वेशीपर्यंत गेली, दोनदा खोकली आणि बंद पडली.

गाडी चालवायचे माझे चुलत दीर. गाडी रात्री आमच्याच दारात असायची. माणसांनी ढकलत ती परत दारात आणली. भावजींनी बॉनेट उघडून खाटखूट केलं, कुठलीशी नळी सोडली, बोटावर थेंब घेऊन बघितला आणि म्हणाले, "डिझेलमदी पानी हाय."

पाणी कुठून येणार? अख्ख्या तालुक्यात पाणी नव्हतं आणि आमच्या डिझेलात पाणी. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत असतानाच माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, ओसरीवरून ओरडल्या, "माझं पानी कुनी घेतलं? काल हितं कॅन भरून ठेवलता."

भावजी हळूच म्हणाले, "काकू, त्यो डिझेलचा कॅन हाय."

"रिकामा व्हता."

"मग माझं डिझेल?"

"त्यो दुसरा कॅन खाटंखाली सारला. पायात येत व्हता."

आता सगळं उघड झालं. आदल्या दिवशी टँकर आला होता. टँकर आला की घरात जे भांडं दिसेल ते भरायचं, ही आम्हा सगळ्यांची खोड. परात, किटली, दिवाळीच्या फराळाचे डबेसुद्धा भरलेले असायचे. रिकामं भांडं डोळ्यांना सहनच व्हायचं नाही. आत्याबाईंनी हंडे-घागरी भरून उरलेलं पाणी हाताशी आला त्या कॅनात ओतलं. वास डिझेलचाच, रंग अंधारात कोण बघतो? भावजींनी पहाटे कॅन उचलला आणि टाकीत उपडा केला.

"कॅनभर पानी घातलंस व्हय रं गाडीत," आत्याबाई कपाळाला हात लावून भावजींनाच म्हणाल्या. सगळ्यांना डिझेल गेल्याचं दुःख आणि त्यांना पाणी गेल्याचं. त्यांच्या बाजूनं त्याही बरोबरच होत्या.

टाकीच्या तळाला एक नट असतो, तो सोडला की सगळं खाली येतं. पण तो गंजून टाकीशी एकजीव झालेला. भावजींनी पान्ह्यानं त्याचे कोपरे झिजवून गोल करून टाकले. वरून नळी घालून तोंडानं ओढलं, एक घोट पोटात गेला, थोडं कॅनात आलं. तळातलं पाणी मात्र येईना. टँकरच्या पाण्यातला गाळ आणि टाकीचा गंज मिळून खाली चिखल झालेला. टाकी उतरवून धुतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. वडवणीहून मिस्त्री आणायचा तर त्याला आणायला गाडी हवी, आणि गाडी तर ही.

गाडीच्या मागच्या भागात दाराशी भाकरीची सगळी फडकी ठेवलेली होती. ऊन चढत होतं. त्यात माझं हिरवं फडकं दिसत होतं, सैल गाठीचं. बाया आपापल्या घरी गेल्या. माझा पाय तिथून निघेना.

गाडी उचलायला आमच्याकडं काही नव्हतं, पण चर होता. दोन वर्षांपूर्वी पाणी-सोसायटी निघाली होती, तलावातून पाइपानं शेतोशेती पाणी नेणार होती. गावभर चर खणले गेले. पुढं तलावच आटला, पाइप आले नाहीत, आणि आमच्या दारापुढून जाणारा छातीएवढा खोल, अरुंद चर तसाच राहिला. कोंबड्या त्यात अंडी घालायच्या. भावजींनी गाडी अशी ढकलायला लावली की दोन्हीकडची चाकं चराच्या दोन काठांवर आली आणि टाकी बरोबर मधे. त्या चराचा गावाला झालेला तेवढाच उपयोग.

भावजी आडवे होऊन पट्ट्यांचे बोल्ट सोडायला लागले. पट्ट्या सुटल्या की टाकी खाली कोसळणार. ती चरात उभं राहून कुणीतरी धरायला हवी होती. कर्ते गडी छावणीत, उरलेले म्हातारे. मी पदर खोचला आणि म्हटलं, "मी उतरते."

"तू?" आत्याबाई म्हणाल्या.

"हंडा घेते तशी घेईन डोक्यावर."

मी एवढी पुढं का होतेय ते त्यांना समजलं असावं, कारण त्यांची नजर गाडीतल्या फडक्यांवरून फिरून माझ्यावर आली. मग त्यांनी आत जाऊन चूल विझवली, दारातल्या म्हाताऱ्याला बिडी टाकायला लावली आणि स्वतःची चुंबळ आणून माझ्या डोक्यावर ठेवली. आम्ही बाया हंड्याखाली ठेवतो ती कापडाची गोल चुंबळ. त्यांची चुंबळ त्या कुणाला हात लावू देत नसत.

चरात उतरून मी गुडघ्यात वाकले. वर गाडीचं काळं पोट, नाकात वास, तोंडावर माती पडतेय. पहिली पट्टी सुटली. दुसरी सुटताना भावजी म्हणाले, "वैनी, आली बरं का," आणि टाकी चुंबळीवर बसली. मान क्षणभर आत गेल्यासारखी वाटली. हंड्यापेक्षा जड होती, पण आतलं डचमळणं ओळखीचं होतं. डोक्यावर पाणी डचमळलं की आपणही त्याच्याबरोबर थोडं हलायचं, ते मला येत होतं. पण एक नळी अजून टाकीला अडकलेली. ती निघेपर्यंत मला तशीच वाकून राहायचं होतं. नळीच्या तोंडातून डिझेल गळून माझ्या केसांत, मानेवरून पाठीत जायला लागलं. बोलले असते तर रडले असते.

तेवढ्यात वर सायकल पडल्याचा आवाज झाला. मग आवाज आला, "काय झालंय? भाकर न्हाई, गाडी न्हाई. सगळे म्हने गावात काय झालं बघून ये." आमचे हे. छावणीवर बाकीच्यांनी दुसऱ्या गावच्या भाकरीत वाटेकरी होऊन भागवलं होतं, हे तसेच उपाशी सायकल हाणत आले होते.

"खाली कोन हाय?" त्यांनी विचारलं.

आत्याबाई म्हणाल्या, "तुझीच हाय."

धपकन उडी पडली आणि माझ्या शेजारी दोन पाय दिसले. चरात दोन माणसांना जागा नव्हती. डोक्यावरचं वजन हलकं झालं.

"सोड. मी धरतो," ते म्हणाले. इतक्या दिवसांतले पहिले शब्द.

मला नुसतं सोडायचं होतं. पण माझं तोंड कधी मेलं गप्प बसलंय? मी म्हटलं, "उपाशी हायेत तुमी. आदी भाकर खावा, गाडीत हाय."

नळी निघाली आणि टाकी चराबाहेर गेली. भावजींनी ती उपडी केली, आतला चिखल डिझेलनं खंगाळला. गढूळ पाणी चरात ओतलं तेव्हा आत्याबाईंनी तोंड फिरवलं, त्यांना बघवेना. हे गाडीपाशी गेले आणि हिरवं फडकं काढून ओसरीच्या पायरीवर बसले. मी खांबाआड. ह्यांनी रोजच्यासारखं गाठीकडं तोंड नेलं, आणि मधेच थांबले. एका बोटानं गाठ सुटली. ते सुटलेल्या फडक्याकडं बघत बसले. चटणीचा वास माझ्यापर्यंत आला.

"हात धुऊन घे, डिझेल लागलंय," आत्याबाई ह्यांना म्हणाल्या. हात धुवायला पाणी? आमच्या घरात महिनोन्‌महिने सगळे हात राखेनं पुसायचे, पाण्यानं नाही. पण त्या पिण्याच्या घागरीतलं पाणी तांब्यात घेऊन आल्या. मग मला हाक मारली. "तू बी ये. त्याच्या हाताखाली हात धर. येका पान्यात दोघांचं व्हईल, वाया न्हाई जायाचं."

मी पायरीशी बसले. ह्यांनी ओंजळ पुढं केली, खाली मी धरली. आत्याबाई बारीक धार सोडायला लागल्या. पाणी ह्यांच्या हातांवरून माझ्या हातांवर पडत होतं. हे मान खाली घालून हात चोळत होते. धार संपत आली तेव्हा अगदी हळू म्हणाले, "कालवडीचं तुला इचारायला पायजे व्हतं."

आत्याबाईंनी रिकामा तांब्या उलटा करून शेवटचा थेंब झटकला.

"ऱ्हाव दे आता," त्या म्हणाल्या, "जेवा दोघं. वास काय जात न्हाई तेचा."