उसना मास्तर

साखरखेर्ड्याच्या बौद्धवाड्यातून मास्तरकीची परीक्षा पास झालेला पहिला माणूस दयाराम. निकाल लागला तेव्हा त्याची माय, बेबीताई, गावभर साखर वाटत फिरली. आता पोरगा खुर्चीत बसणार म्हणून तिने निंदणाचा विळासुद्धा शेजारणीला देऊन टाकला. महिन्याभरात तो परत मागून आणावा लागला.

कारण दयारामाला मिळाली ती खुर्ची रजेवरच्या माणसाची. कुणा मास्तरची बायको बाळंत झाली, कुणाचा पाय मोडला, कुणी काशीला गेला, की कचेरीतून दयारामाला चिठ्ठी यायची. चोवीस तासांत हजर व्हायचं. नाही झालं तर यादीतलं नाव तळाला. मूळ मास्तर दारात उभा राहिला की त्याच घटकेला पिशवी उचलायची. तीन वर्षांत अकरा गावं झाली. कुठे आठ दिवस, कुठे बावीस. पोरांची नावं पाठ होतात न होतात तोच गाव सुटायचं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘उसना मास्तर’. लोक नावं मोठी नेमकी ठेवतात.

दोन चिठ्ठ्यांच्या मधले दिवस फार वाईट. रोजाने जावं तर शेतमालक म्हणायचे, मास्तरच्या हाती खुरपं शोभत नाही. मामाकडे लोणारला चार दिवस जावं, तर मागे चिठ्ठी आली म्हणजे? धड गृहस्थ ना धड बैरागी, असा तो ओट्यावर पोस्टमनची वाट बघत बसायचा आणि माय निंदायला जायची. बरोबर शिकलेला इंद्रभान कायमच्या नोकरीत होता. तो भेटला की हेवा करायचा. त्याचं म्हणणं, तुझं बरं आहे गड्या, ना हेडमास्तरची कटकट, ना बदलीची भीती, अकरा गावचं पाणी प्यालास. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. दयारामाला नव्या शाळेचा पहिला दिवस खरंच आवडायचा. पण पोट भरलेल्या माणसाने उपासाचे गुण सांगावेत, तशातलं ते.

चौसष्ट साली त्याला देऊळघाटची चिठ्ठी आली. तिथले भगवंतराव मास्तर पोटाच्या दुखण्याने, ऑपरेशन होऊनही, अंथरुणाला खिळले होते. रजा होती दोन महिन्यांची, ती वाढली, पुन्हा वाढली, आणि शेवटी बिनपगारी झाली. दर वाढीला कचेरी दयारामालाही पुढे चालवत राहिली. तिथल्याच एका कारकुनाने त्याला कानात सांगितलं होतं, की एका जागी सलग वर्ष भरलं की माणूस कायमच्या यादीत जातो. तेव्हापासून दयाराम दिवस मोजू लागला. माय पन्नाशीला टेकली होती, तिची कंबर धरली होती. हे वर्ष भरलं तरच तिचा विळा सुटणार होता.

तो दर रविवारी भगवंतरावांना भेटायला जायचा. खोटं कशाला बोला, पहिल्या रविवारी तो प्रकृती बघायला नव्हे, दुखणं किती दिवस चालेल ते बघायला गेला होता. मास्तरांची बायको रुख्मिणबाई हिने त्याला चहा ओसरीवर दिला, कप विसळून ठेवायला सांगितला. दुसऱ्या रविवारी भगवंतरावांनी आतून हाक मारली, माझ्या वर्गाचा मास्तर बाहेर बसणार नाही म्हणाले. त्या दिवसापासून दयाराम खाटेजवळ बसू लागला. कोणतं पोर कुठे अडतं, कुणाला मारून उपयोग नाही, कुणाला उपाशीपोटी गणित सुचत नाही, हे सगळं त्या माणसाने त्याला पडल्या पडल्या सांगितलं. सख्ख्या भावाने सांगितलं नसतं इतकं. रजेचे अर्जही दयारामच लिहायचा. मास्तर फक्त सही करायचे.

अकरा महिने भरले आणि भगवंतराव उठून बसले. डॉक्टरांनी शाळेत जायला हरकत नाही असं लिहून दिलं.

“दयाराम, सोमवारी मी हजर होऊन राह्यलो,” ते म्हणाले. “पोरायले पाहून वरीस झालं बे.”

 दयारामाचं वर्ष भरायला फक्त एक महिना राहिला होता.

“एक महिना अजून दम धरा, गुरुजी,” तो म्हणाला. “शाळा कुठं पळून चालली? टाके उसवले म्हंजे?”

टाके केव्हाच सुकले होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण भगवंतरावांना वाटलं, पोरगा जिवाच्या कळकळीने बोलतोय. त्यांचे डोळे भरून आले. दयारामाने तिथेच अर्ज लिहिला, त्यांनी सही केली. घरी परतताना दयारामाला स्वतःची लाज वाटली, आणि मोकळंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी जाऊ लागला. वर्षभर ज्याचं दुखणं लांबावं असं मनात धरलं, त्याला आता जपू लागला. पण विसाव्या दिवशी पोट पुन्हा फुगलं आणि बुलढाण्याच्या दवाखान्यात पोचण्याआधीच भगवंतराव वाटेत गेले. दयारामाच्या वर्षाला दहा दिवस कमी होते.

खांदा देऊन परतला तेव्हाही त्याच्या मनात कुठेतरी आशा होती, आता जागा तर रिकामीच आहे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच. चार दिवसांनी कचेरीचा कागद आला. मूळ शिक्षकाच्या मृत्यूने रजा संपली, सबब आपली सेवा त्याच तारखेपासून संपली. जागेवर कायमचा माणूस नेमला होता.

निघायच्या दिवशी तो रुख्मिणबाईचा निरोप घ्यायला गेला. तिने त्याला थांबवून घेतलं. कचेरीत तिला सांगितलं होतं, बिनपगारी रजेत माणूस गेला तर मागच्यांना काही मिळत नाही. एक दिवस जरी हजर झाला असता तर गोष्ट वेगळी होती. तरी तिला विनंतीचा अर्ज करून बघायचा होता. आणि अर्ज लिहायला दुसरं होतं कोण?

दयाराम खाली बसला. अक्षर नेहमीसारखं वळणदारच येत होतं.

“त्यायले सोमवारी हजर व्हायचं व्हतं, हे लिहा,” रुख्मिणबाई म्हणाली. “डाक्टरचा कागदबी व्हता म्हना.”

त्याने लिहिलं.

“काऊन नाही झाले असं इचारतीन,” ती म्हणाली. “तुमी थांबवलं ते नका लिहू, भाऊ. तुमच्या नोकरीले उगा बट्टा लागीन. तुमी त त्यायच्या भल्यासाठीच बोलले व्हते.”

दयारामाने मान वर केली नाही. प्रकृती साथ देईना म्हणून हजर होता आलं नाही, असं त्याने लिहिलं, आणि खाली तिचा अंगठा घेतला.