आतेचं ऊन आणि गॅमा एक पॉइंट आठ

प्रोजेक्टरच्या मेनूत गॅमा नावाची एक गोष्ट असते आणि शहाणी माणसं तिच्या वाटेला जात नाहीत. मी गेलो. बायकोच्या मते मला बसल्या जागी उद्योग काढायची खोड आहे, आणि याबाबतीत ती सहसा चुकत नाही.

गोव्यातल्या एका हॉटेलाने काढून टाकलेला तो प्रोजेक्टर मी २००७ साली घरी आणला. तोंडवलीतल्या आमच्या कौलारू घरात होम थिएटर करायचं माझ्या डोक्यात होतं. माजघरातली पश्चिमेकडची भिंत घासून, दोन हात पांढरा रंग देऊन पडदा तयार केला. अडचण एकच होती. त्या वर्षांत संध्याकाळ झाली की भारनियमन सुरू व्हायचं आणि वीज परत येईपर्यंत आमच्याकडची सगळी माणसं जेवून अंथरुणावर पडलेली असायची. म्हणजे सिनेमा बघायचा तर रविवारी दुपारी. दुपारी आमच्या माजघरात काळोख करणं सोपं नव्हतं, कारण छपरात पाच काचेची कौलं होती.

त्या माजघरात उत्तरेच्या भिंतीला लागून आतेची खाट होती. आते म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, ती माहेरी परत आली आणि डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायला लागली. माझी आई लवकर गेल्यावर मला तिनेच वाढवलं. मासे विकून ती घरी यायची, पाटी टेकवायची आणि पहिली शिवी उन्हाला घालायची. "मेल्या उन्हान जीव घेतल्यान माजो," हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं, की ऊन हा गावातला कोणी वाईट मनुष्य असावा असं मला वाटायचं.

प्रोजेक्टर आला त्याच्या दोन वर्षं आधी ती विहिरीजवळच्या शेवाळावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. या वयात शस्त्रक्रिया नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून ती खाटेवर होती. बसवली तर बसायची, पण उंबऱ्याबाहेर म्हणून गेली नाही.

माजघरातल्या उजेडाचा प्रश्न मी आधी गॅमाने सोडवायला बघितलं. प्रोजेक्टरबरोबर आलेलं माहितीपुस्तक मी एखादी पोथी वाचावी तसं रोज थोडं थोडं वाचत होतो. ब्राइटनेस वाढवला की चित्रातलं काळंसुद्धा राखेच्या रंगाचं होतं. गॅमाचं तसं नाही. तो काळ्याला आणि पांढऱ्याला हात लावत नाही, मधल्या सावल्या तेवढ्या उजळतो किंवा गडद करतो. सोलकढीत नारळाचा रस किती घालायचा, तसलाच हा हिशेब. आकडा कमी केला की सावल्या उजळतात, पण चित्र पाणचट होतं. आकडा वाढवला की चित्राला खोली येते, पण खोलीत उजेड असेल तर त्या सावल्यांतली माणसं दिसेनाशी होतात. पुस्तकात लिहिलं होतं, पूर्ण अंधाऱ्या खोलीसाठी दोन पॉइंट चार. मला तेच हवं होतं. एक पॉइंट आठ हा आकडा मला नापास झालेल्यांचा वाटायचा.

म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी मी छपरावर चढलो आणि पाचही काचेच्या कौलांवर काळं प्लास्टिक टाकून वर माडाचे झाप बांधले. त्या भानगडीत तीन कौलं फोडली. दुपारी पडद्यावर चित्र उमटलं ते असं, की मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. काळं म्हणजे काळं, आणि त्या काळ्यातसुद्धा माणसाच्या कोटाची घडी दिसत होती. मी बायकोला घडी दाखवली. तिने कोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वाटण वाटायला निघून गेली.

झाप काही मी रोज काढून घालणार नव्हतो. ते तसेच राहिले. दिवसा माजघरात दिवा लावायला लागला. मी सोमवार ते शनिवार मालवणला कचेरीत, त्यामुळे मला काही फरक पडला नाही.

आठवडाभरात आते वेळ विचारायला लागली. सकाळी मी निघताना, संध्याकाळी आल्यावर, मधे बायकोला दहादा. "किती वाजले गो?" तिने यापूर्वी कधी वेळ विचारली नव्हती. होड्या कधी परतल्या, शाळा कधी सुटली, सगळं तिला पडल्या जागी ठाऊक असायचं. मला वाटलं, वय झालं, विसरायला लागली. मी मालवणच्या बाजारातून मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणलं आणि तिच्या समोर लावलं. तिने ते नीट बघितलं. "बरा आसा," म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून वेळ विचारायची थांबली. जेवणही निम्म्यावर आलं.

मी खूश होतो. आपण एक प्रश्न घड्याळाने सोडवला, असं मला खरोखर वाटत होतं. आज हे लिहिताना स्वतःची लाज वाटते.

पुढच्या रविवारी सिनेमा चालू होता. मधेच आते खाटेवरून म्हणाली, "ऊन इला?"

"आते, घरात खंयचा ऊन?" मी जरा चिडूनच बोललो, कारण नेमका कोटवाला पुन्हा आला होता.

तिने गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली. बायको मात्र स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिचं अर्धं अंग पडद्यावरच्या चित्रात होतं. "तुमी दुपारी घरात नसतास, तुमका काय म्हायती? आतेंका घड्याळ नको. ऊन व्हया."

मी प्रोजेक्टर थांबवला आणि आतेच्या खाटेपाशी बसलो. काय झालं म्हणून विचारलं. पुन्हा पुन्हा विचारल्यावर ती भिंतीकडे बघत म्हणाली, "दोन वरसा झाली, मी भायर पडाक नाय. मार्गशीर्ष-पौषात तेवडा ता ऊन माज्याकडे येता. त्या मधल्या कौलातसून. वायनाकडसून सरकत सरकत येता, माज्या पायार बसता, मगे जाता."

वायन म्हणजे जमिनीत पुरलेलं दगडी उखळ, माजघराच्या मधोमध. मेमध्ये कवडसा दुपारी त्याच्याजवळच असायचा, हे मला आठवलं. थंडीत सूर्य दक्षिणेला कलला की तो लांब सरकतो आणि उत्तरेच्या भिंतीपर्यंत पोचतो, हे मी शाळेत शिकलो होतो आणि विसरलो होतो. ती दहा महिने वाट बघून जे मिळवायची ते मी कोटाच्या घडीसाठी झाकून टाकलं होतं.

"मगे सांगूक नाय तां?" मी विचारलं.

"तुजी हौस, झिला. तेच्यात मी कित्या बोलू?"

मी तसाच छपरावर चढलो. मधल्या कौलावरचा झाप काढला, प्लास्टिक काढलं, काच लुंगीने पुसली. खाली आलो तर कवडसा खाटेच्या पायाशी पोचला होता. बायकोने आतेच्या पायांवरची गोधडी बाजूला केली. "आतेनु, ऊन इला," म्हणाली. आतेने पायाची बोटं हलवली. एवढंच. मी तिथे उभा राहून रडलो, आणि बायकोने तेव्हा मला एका शब्दाने चिडवलं नाही, याची मी आजही तिला आठवण करून देतो.

सिनेमा पुन्हा लावला तर कोटवाला अर्धा गायब. मी मेनू उघडला आणि आकडा खाली आणत गेलो. दोन पॉइंट दोन, दोन, आणि शेवटी एक पॉइंट आठ. सावल्या फिक्या करड्या झाल्या, पण सगळ्यांची तोंडं दिसायला लागली. त्या थंडीतले सगळे सिनेमे आम्ही तसेच पाणचट बघितले. कवडसा खाटेशी आला की बायको काम टाकून यायची, गोधडी काढायची आणि तेच दोन शब्द बोलायची. मी पडद्याकडे कमी आणि आतेच्या पायांकडे जास्त बघायचो.

पुढच्या पावसाळ्यात आते गेली. आम्ही खाट मागच्या पडवीत नेऊन ठेवली.

त्यानंतरच्या डिसेंबरात एका रविवारी मी प्रोजेक्टर लावला. आता कौल झाकायला हरकत नव्हती, ते मला कळत होतं. झाप काही मी पुन्हा वर बांधला नाही, पण मेनू उघडून गॅमा दोन पॉइंट चारवर नेला, नुसतं बघायला. कोटाची घडी नाही दिसली, पण चित्राला पुन्हा खोली आली. तेवढ्यात कवडसा उत्तरेच्या भिंतीशी पोचला. बायको सवयीने स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात ओले, खाटेच्या जागेपर्यंत गेली आणि थांबली. मग तिथेच जमिनीवर बसली आणि पाय उन्हात सोडले.

मी गॅमा एक पॉइंट आठवर आणला आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो.