दोन फोटोंपैकी पहिला

नवऱ्याला माहीत नाही. मुलीला तर नाहीच. ऑफिसात ज्यांना कळू शकलं असतं, त्यांना मी कळू दिलं नाही. आणि आज तुम्हाला लिहून सांगतेय. का, ते विचारू नका. विचारलंत तर मी पुन्हा काहीतरी बरं दिसेल असं उत्तर देईन. तशी उत्तरं मला फार चांगली जमतात.

मी नगरच्या एका दैनिकात उपसंपादक होते. बातमीदार बातम्या पाठवायचे, फोटोग्राफर फोटो पाठवायचे, आणि त्यातलं काय छापायचं, किती मोठं, कुठल्या मथळ्याखाली — ते मी ठरवायचे. पेपरात नाव त्यांचं यायचं. शिव्याही त्यांनाच पडायच्या. माझं नाव कुठंच नसायचं, आणि याबद्दल मी वर्षानुवर्षं कुरकुर करायचे! ते नसणं किती सोयीचं आहे, हे मला एकदाच कळलं. पुरेसं कळलं.

आमचा एक फोटोग्राफर होता, दिगंबर. भिंगारमध्ये त्याचा छोटा स्टुडिओ. लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो, आणि उरलेल्या वेळात आमच्यासाठी मोटारसायकलवरून जिल्हाभर. पगारी नव्हता. वयानं माझ्याएवढा असून मला ताई म्हणायचा.

त्या वर्षी शेवगावच्या पुढं पूर आला. ज्या भागातल्या टँकरभोवतीच्या हंड्यांचे फोटो आम्ही दर उन्हाळ्यात लावायचो, तिथं. रात्रीतून नदी वस्तीत शिरली. दिगंबर पहाटेच निघाला होता. संध्याकाळी कुठंतरी नेट मिळालं तसे त्यानं घाईत सगळेच फोटो पाठवून दिले. वाहून गेलेली जनावरं, आडवा झालेला ऊस, आणि एका बाईचे दोन फोटो.

त्या बाईंचं खरं नाव मी सांगणार नाही. एकदा त्यांचा चेहरा घेतला, तेवढं पुरे. सुमनबाई म्हणू.

पहिल्या फोटोत माणसं त्यांना दोरानं झाडावरून उतरवून घेत होती. अंगावर साडी नव्हती. भिजलेलं परकर-पोलकं, चिखल, दंडाला धरलेले परक्या पुरुषांचे हात — आणि त्या सरळ कॅमेऱ्यात बघत होत्या. फोटो म्हणून… काय सांगू? नजर हटत नव्हती. दुसऱ्यात सुमनबाई आणि त्यांची म्हातारी सासू एकाच घोंगडीत गुंडाळून पाठमोऱ्या बसल्या होत्या. चेहरे नव्हतेच. मागं बाभळीच्या खोडाला, उंचावर, एक ओली साडी आवळून बांधलेली होती.

पाठोपाठ दिगंबरचा फोन आला. आवाज तुटत होता, पण मला सगळं ऐकू आलं. सगळं.

"ताई, त्या बाईंचा पहिला फोटो नका लावू. माझा हात चालला म्हणून निघाला तो. पाठवायलाच नको होता, चुकलं माझं. मी शब्द दिलाय त्यांना, छापणार नाही म्हणून. दुसरा लावा. त्यात साडी दिसती. खरी बातमी तीच हाय."

मग त्यानं सांगितलं. पाणी वाढत चाललं तेव्हा सुमनबाईंनी सासूला झाडावर चढवलं. म्हातारीच्या हातात धरून राहायची ताकद नव्हती. म्हणून यांनी स्वतःची साडी सोडली आणि सासूला खोडाशी बांधून टाकलं. उजाडेपर्यंत स्वतः नुसत्या फांदीला धरून राहिल्या.

"हो हो," मी म्हणाले. "बघते मी."

आता तुम्ही म्हणाल, घाई असेल, विसरली असेल. नाही. विसरले नाही. त्याच वेळी मुख्य कार्यालयातून विचारणा आली होती — नगरकडून पुराचं काही जबरदस्त आहे का, सगळ्या आवृत्त्यांच्या पहिल्या पानावर घेऊ. माझ्या डेस्कवरून पहिल्या पानावर कधी काही गेलं नव्हतं. शाळांची स्नेहसंमेलनं आणि पतसंस्थांच्या सभा लावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात जे होतं ते सांगतेय. पूर नव्हता, बाई नव्हती, तिची सासू नव्हती. पहिलं पान होतं.

पहिला फोटो मी पाठवला.

पान लावणाऱ्या मुलीनं विचारलं, "मॅडम, चेहरा ब्लर करू का?" साधा प्रश्न होता. तिला जो सुचला, तो मला सुचायला नको होता का? मी म्हणाले, "नको. डोळे दिसले पाहिजेत."

आणि फोटोखालची ओळही मीच लिहिली. पुरानं अंगावरचं वस्त्रदेखील ठेवलं नाही, अशा अर्थाची. पुरानं! दहा मिनिटांपूर्वी मला खरं काय ते सांगितलेलं होतं. पण खरं लिहिलं असतं तर ती बाई धाडसाची झाली असती, आणि मला ती बिचारी हवी होती. चहा घेता घेता वाचकाच्या तोंडून "अरेरे" निघायला हवं होतं. निघालं. सकाळपासून अभिनंदनाचे फोन. संपादकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. फोटोखाली नाव दिगंबरचं.

दुपारपर्यंत तो फोटो मोबाईलवर फिरायला लागला. सुमनबाईंचा मुलगा सुप्याला कंपनीत कामाला होता. तिथल्या कुणीतरी त्याला दाखवला, आणि तो कोणाचा आहे हे दाखवणाऱ्याला माहीत नव्हतं. मुलगा तसाच घरी गेला. आईला काय म्हणाला असेल? ते मला पुढं कळलं. "तुला तेवढं अंग झाकून घेता आलं नाही का?"

दिगंबरनं मला फोन केले, मी उचलले नाहीत. दोन दिवसांनी तो त्या वस्तीवर गेला. दुसऱ्या फोटोची मोठी प्रत काढून, माफी मागायला. मुलानं आणि त्याच्या मित्रांनी त्याला मारलं. कॅमेरा दगडावर आपटला. तो ओठ सुजलेला घेऊन आमच्या ऑफिसात आला आणि संपादकांच्या केबिनमध्ये ओरडून म्हणाला, "मी ताईंना फोनवर सांगितलं होतं! नका लावू म्हणून सांगितलं होतं!"

मला आत बोलावलं.

संपादकांनी विचारलं, "यानं तुम्हाला सांगितलं होतं?"

दिगंबर माझ्याकडं बघत होता. त्याला वाटत होतं, आता मिटलं. ताई आल्या, ताई सांगतील.

मी म्हणाले, "नाही सर. मला काहीच बोलला नाही."

एवढंच. पाच-सहा शब्द. आवाजही हलला नाही माझा. संपादक त्याला म्हणाले, छापायचा नव्हता तर पाठवलास कशाला? चूक तेवढी त्याची होतीच. त्या दिवसापासून आमच्या पेपरनं त्याचे फोटो घेणं बंद केलं. हळूहळू इतरांनीही. जो माणूस संकटातल्या बायकांचे असले फोटो काढतो आणि वर खोटं बोलतो, त्याला कोण बोलावणार? लग्नाची कामंसुद्धा गेली त्याची.

माझी बढती झाली.

तुम्हाला वाटत असेल, हाच तो गुन्हा. मलाही बरेच दिवस वाटायचं. हाच असता तर कदाचित मी कुठंतरी कबूलही केला असता — भीतीपोटी बोलले, नोकरी होती, वगैरे. पण पुढच्या पावसाळ्यात मी त्या वस्तीवर गेले. पुरानंतर शेतांचं काय झालं, त्यावर लेख लिहायचा होता. कुणी पाठवलं नव्हतं, मीच मागून घेतला. का गेले? बघायचं होतं. काय बघायचं होतं, देव जाणे. सगळं ठीक आहे असं दिसलं असतं, तर झोप आली असती बहुतेक.

सुमनबाई अंगणात शेंगा निवडत होत्या. मी पेपरातून आलेय म्हटल्यावर हात थांबले. म्हणाल्या, "मोबाईल हाय का तुमच्यापाशी? त्यो पिशवीत ठिवा आदी." मी ठेवला. मग त्यांनी बसायला पोतं टाकलं, चहा टाकला. सासू ओसरीवर पडून होती. ती आपणहून म्हणाली, "हिच्या लुगड्यानं वाचले म्या, बाई. पेपरात त्ये न्हाई लिवलं कुनी."

मुलगा आता बोलतो, पण कामापुरतं, असं सुमनबाई सांगत होत्या. बाजाराला त्या जात नाहीत. बचत गटाच्या मीटिंगला पूर्वी पुढं बसायच्या, आता जातच नाहीत. हे सगळं शेंगा निवडता निवडता, वर न बघता. मग एकदाच वर बघितलं.

"त्यो फोटूवाला आपल्या आईची आन घिऊन बोलला हुता, बाई, ह्यो छापनार न्हाई. मी इस्वास ठिवला. आन मंग सगळ्या जगाला दावला. तुमीच सांगा, मानसाचा काय इस्वास धरावा?"

अंगणात आम्ही दोघीच होतो, आणि ओसरीवर ती म्हातारी. संपादक नव्हते, नोकरीचा प्रश्न नव्हता, मला कुणी मारणार नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं: तो खोटं बोलला नव्हता, मी छापला. त्या बाईला निदान एवढं तरी कळलं असतं, की एका माणसानं शब्द पाळायचा प्रयत्न केला होता.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "हो ना. असतात काही माणसं अशी. वाईट केलं त्यानं."

हे ते. एक माणूस सोडला, तर हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

लेख छापून आला, मातीवर, पंचनाम्यांवर. सुमनबाईंचा त्यात उल्लेख नव्हता. संवेदनशील लिहिलंय म्हणून कौतुक झालं. मग माझी भाषणं सुरू झाली. आपत्ती आणि माध्यमं, पीडितांची प्रतिष्ठा… चीड येते मला आता हे शब्द लिहिताना. जिल्ह्यातल्या कॉलेजांमध्ये मी पडद्यावर तोच फोटो दाखवायचे. चेहरा ब्लर करून! तेव्हा नाही केला, भाषणासाठी केला. आणि सांगायचे — बघा, मुलांनो, छायाचित्रकाराचा एक अविचार काय करू शकतो. टाळ्या पडायच्या. मी त्या घ्यायचे.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका भाषणानंतर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, त्यांनी काढला हे कळलं. पण छापला कोणी?"

मी म्हणाले, "वर्तमानपत्रात असे निर्णय सामूहिक असतात."

ती बसली. लिहून घेतलं तिनं! मी जे बोलले ते तिनं खाली मान घालून वहीत लिहून घेतलं, आणि मला तिच्या हातातलं पेन हिसकावून घ्यावंसं वाटलं. राग कोणावर होता? तिच्यावर? पेपरवर? संपादक तर केव्हाच निवृत्त झालेत. कोणावर काढायचा होता मी तो राग, इतकी वर्षं?

त्या आठवड्यात मी भिंगारला गेले. दिगंबरचा स्टुडिओ आहे अजून, अर्ध्या भागात झेरॉक्सचं मशीन टाकलंय. केस पांढरे झालेत. एका फौजी माणसाचा पासपोर्ट फोटो काढत होता, तो जाईपर्यंत मी उभी राहिले. मग सगळं बोलले. केबिनमधलं, आणि त्या अंगणातलंही. अंगणातलं ऐकताना त्यानं मशीन बंद केलं.

मला वाटलं, ओरडेल. नाही ओरडला.

"मला कशाला सांगता, ताई?" तो म्हणाला. "मला माहीतच हाय की. मीच केला होता तो फोन. त्या बाईला सांगा."

"सांगते," मी म्हणाले.

"कधी?"

मी काहीतरी म्हणाले. मार्च अखेर, मुलीच्या परीक्षा, असलं काहीतरी. त्यानं मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाईकाचे कागद हातात घेतले. बसा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

परीक्षा होऊन गेल्या. उन्हाळा गेला. शेवगावला जायला नगरहून किती वेळ लागतो? गाडी आहे, सुट्ट्या आहेत, रस्ताही आता बरा झालाय. मी एकदा निम्म्यातून परत आले. बाकीच्या वेळी तर निघालेच नाही. त्याऐवजी हे लिहायला बसले. वाक्यं खोडली, पुन्हा लिहिली, चांगली लिहिली. ते मला येतं.

सुमनबाईंना वाचता येत नाही. हे लिहायला बसले तेव्हाही मला ते माहीत होतं.