बगिच्यातली बांधी

"उठ बे! बाक पाव्हण्यायसाठी आहे."

शेठजींनी काठीचं टोक माझ्या मांडीला टोचलं. आमच्या तुमसरच्या मोहल्ल्यातल्या बगिच्याचं उद्घाटन होतं. म्हणून मी लग्नातला शर्ट घालून ऐटीत बसलो होतो. लोक हसले. उठता उठता मीही हसलो. अपमान झाला की आधी हसायचं, ही माझी जुनी खोड.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. तोवर तो बगिचा नव्हता, उकिरडा होता. शेठजींच्या राइस मिलची राख तिथे पडायची. टाकणारा हमाल मीच. म्हणजे घाणीत माझा हात शेठजींपेक्षा मोठा! वारा सुटला की घराघरात खोकला. शेवटी मोहल्ल्यानेच साफसफाई काढली. शेठजी कमिटीचे अध्यक्ष झाले. आम्ही फावडी झालो.

झाडं लावायचं काम मी मागून घेतलं. मोठा शहाणा! मूळचा दिघोरीचा, धानाशिवाय जन्मात काही लावलेलं नाही. धान रोवायला करतात तशी मस्त बांधी तयार केली. चारी बाजूंनी मातीचे धुरे घातले, चिखल केला, पाणी अडवलं आणि त्यात गुलाबांची रोवणी केली. गुलाब कुजले. बेडूक तेवढे जोमात आले.

शेजारची पार्वतामावशी म्हणाली, "आता निंदाले बाया लावतं का रे?"

धुरे फोडले. पुन्हा लावले. या खेपेला फुलं आली. आणि हा किस्सा मीच गावभर रंगवून सांगत सुटलो.

उद्घाटनाला शेठजींनी तोच माइकवरून सांगितला. "ह्या लोकांच्या हाती बगिचा दिला तर बांधी करतील. म्हणून उद्यापासून फाटकाला कुलूप. आत फक्त कमिटीच्या घरची मंडळी."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग हात तसेच थांबले. किस्सा माझा, आणि त्याचं कुलूप माझ्याच मोहल्ल्याला!

मी ओरडलो, "शेठजी, गुलाब म्या मारले. पन राख कोनाची होती, तेही सांगा ना!"

"कोणाशी बोलून राहिला तू? उद्या मिलमध्ये दिसू नको."

मावशीने शर्ट ओढला. "काहून तोंड चालवतं, बापू? बायकोले काय खाऊ घालशील?"

मी शर्ट सोडवून घेतला.

मिलचं काम सुटलं. सकाळी फाटकावर कुलूप दिसलं. लोखंडी सब्बल आणली, भर उजेडात, माणसं बघत असताना ते तोडलं आणि फाटक सताड उघडलं.

जमलेल्यांना सांगितलं, आता नवं कुलूप लागेल. लागू द्या. तेही तोडीन. कोणी तोडलं विचारलं, तर माझं नाव सांगा.