लाल किल्ला शेवटी

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी गुरुग्रामला ऑफिसच्या लिफ्टमध्ये होते. आतेभाऊ मिलिंद एवढंच म्हणाला, "आई गेली गं. चहा घेता घेता..." मी "बरं" म्हटलं आणि माझ्या मजल्यावर उतरायचं विसरून पार वरपर्यंत गेले.

सुमनआत्या लग्नानंतर सांगलीहून दिल्लीला आली ती आतोबांच्या केंद्र सरकारच्या नोकरीमुळे. हिंदी येत नव्हती, भाजीवाल्यापुढे तोंड उघडायची चोरी. घरात बसून राहिले तर हे शहर मला गिळेल, असं म्हणत तिने पायी फिरायला सुरुवात केली. पुढे गावाकडून येणारा प्रत्येक पाहुणा तिच्या तावडीत सापडला. पिशवीत दशम्या आणि लसणीची चटणी घ्यायची, हिंदूरावच्या टेकडीवरून निघायचं आणि काश्मिरी गेटवरून लाल किल्ल्यापर्यंत चालायचं. पाहुण्यांना आधी किल्ला बघायचा असे. "लाल किल्ला शेवटी. आधी आपला माणूस," ती बजावायची. ग्वाल्हेरहून येऊन त्या टेकडीवर राहिलेल्या हिंदूराव या मराठा सरदाराचं नाव आता तिथल्या इस्पितळाच्या पाटीवर उरलंय, पण आत्या तिथे अशी न्यायची, की जणू चुलत्याकडेच चाललोय. पाय दुखतात म्हणून एका भाऊजींनी रिक्षाचं नाव काढलं, तर म्हणाली, "दुखणारच, आजवर वापरलेत कुठे?"

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी तिला जिनासुद्धा चढायला बंदी केली. मिलिंद तिला कायमचं आपल्या फ्लॅटवर न्यायच्या बेतात होता. त्याआधी एकदा तो सगळा रस्ता पायी चालायचाच, असं तिने ठरवलं आणि सोबतीला मला धरलं. मी घाबरले होते. वाटेत काही झालं तर... पण तिच्यापुढे कोणाची डाळ शिजत नसे.

टेकडी बरी उतरली. काश्मिरी गेटपाशी मात्र तिचे ओठ पांढरे पडले. मी फोन काढला. "कॅब बोलावते, आत्या. बस्स झालं."

"बिल्कुल नाही," ती एका दुकानाच्या पायरीवर टेकत म्हणाली. "गाडीतून गेले तर पोचले असं मी म्हणणार नाही. तू दमली असशील तर जा."

मग थोडं चालायचं, मिळेल त्या पायरीवर बसायचं, पुन्हा माझा खांदा धरून उठायचं... किल्ल्यापाशी आलो तेव्हा तिकीट खिडकी बंद झाली होती. मला रडूच आलं. ती दरवाजाकडे तोंड करून ताठ उभी राहिली, पदर नीट केला.

"चलो, पोचले," ती म्हणाली. "आता बोलव तुझी कॅब."

गेल्या आठवड्यात मिलिंदने तिची खोली आवरायला काढली. पलंगाखाली तिचे कापडी बूट होते, साडीवर घालायची ते, टाचेशी पार झिजलेले. "देऊन टाकू का गं कोणाला?" त्याने विचारलं. मी ते उचलून पिशवीत घातले. मला थोडे मोठे होतात, म्हणून मोज्यांवर मोजे चढवले आणि रविवारी हिंदूरावहून एकटीच निघाले. पोचले तेव्हा तिकीट खिडकी उघडी होती.