एकाच झाडाचे आंबे

पन्हाळ्याच्या पायथ्याशी, आमच्या वडिलोपार्जित शेतात आंब्याचे एकच मोठे झाड आहे. वाटणीत ते कोणा एकाकडे गेले नाही. फळे निम्मी माझी, निम्मी माझ्या धाकट्या चुलतभावाची. उतरणीचे पहिले फळ जोतिबाला जाते, उरलेली कोल्हापुरात आमच्या लगतच्या दोन घरांत येतात. माझी फळे गवताच्या आढीत पिकतात. वटपौर्णिमेला आमच्या सौभाग्यवती गल्लीतल्या सुवासिनींना वाण देतात. त्यातला आंबा माझ्या आढीतला असतो, याचा मला अभिमान होता. जपतपाच्या माणसाने बाळगू नये इतका.

गेल्या वर्षी भावाने आपला वाटा आढीत घातलाच नाही. बारीक छिद्रांच्या पातळ पिशव्या आणल्या, पिकत्या फळांचा वायू शोषून घेणारी एकेक पुडी प्रत्येकीत टाकली आणि खोकी माजघराच्या गारव्यात ठेवली. पौर्णिमेपर्यंत माझे आंबे सुरकुतले होते. त्याचे जणू कालच उतरवलेले. वाण घेताना शेजारणी त्याच्या पत्नीने दिलेल्या आंब्याचा वास घेत राहिल्या. माझा आंबा मुकाट्याने पिशवीत गेला. ते मी ओसरीवरून पाहिले, आणि त्या दिवशी संध्येत गायत्रीची गणती चुकली.

यंदा त्याला न सांगता मी तशाच पिशव्या आणि पुड्या मागवल्या. परंतु सुवासिनींच्या ओटीत जायची फळे पारोशी कशी ठेवावी? सोवळे नेसून एकेक फळ धुतले, वर गंगाजल शिंपडले आणि तशीच ओली फळे पिशव्यांत घालून तोंडे बांधली. त्याच्या फळांवर हा संस्कार नव्हता. माझी अधिक टिकतील, असे मी धरून चाललो.

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी सौभाग्यवतींनी पिशव्या सोडल्या. देठांशी काळी बुरशी धरली होती. त्या परडी घेऊन शेजारी गेल्या. भरलेली परडी घेऊन परतल्या, तेव्हा मागोमाग भाऊही आला. माझी एक पिशवी उजेडाशी धरून म्हणाला, "दादा, आंघोळ घातलीसा व्हय आंब्यास्नी?"

"देवाचे फळ. धुवायला नको?"

"धुवा की. पर पुसून वाळवायचं न्हाय व्हय? फळ श्वास सोडतंय, त्याची वाफ आत असतीयच. त्यात तुम्ही गंगा सोडलीसा. मोक्षच दिलासा की त्यास्नी."

सौभाग्यवती पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्या बोलण्यावर त्या अशा कधी हसल्याचे मला स्मरत नाही. "बसा भावजी, चहा टाकते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी परडीतला सर्वांत देखणा आंबा त्यांनी देवापुढे ठेवला. मी पाण्याचे मंडल काढले, फळावर तुळशीपत्र ठेवले. नैवेद्य दाखवताना डोळे मिटायचे असतात. मी ते उघडे ठेवले होते, आणि त्या तुकतुकीत सालीवर कोठे एखादा डाग सापडतो का, ते पाहत होतो. डाग नव्हता.