लाल बावट्याचे कापूसवाले डॉक्टर

हैदराबादच्या एस्टीत मला बसवून अण्णा खिडकीशी उभे राहिले. मला एका खासगी बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, आणि माझे वडील अशाच कंपन्यांविरुद्ध गावोगाव भाषणं करत होते. निघताना ते एवढंच म्हणाले, "काम चोख कर. घरची काळजी करू नको."

तेलगावकरांनो, तुम्हाला अण्णा आमदार म्हणून ठाऊक. त्याआधी ते सरकारी केंद्रात कापसाचे शास्त्रज्ञ, पीएचडीवाले डॉक्टर होते. कमी पाण्यावर येणारा वाण त्यांनी काढला. पण तोच कापूस पिकवणारा माणूस बाजारात नागवला जातो, हे त्यांना बघवेना. त्यांनी राजीनामा दिला आणि लाल बावटा हाती घेतला. आमचं क्वार्टर सुटलं. आई बरेच दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही. पुढं निवडून आल्यावरही लोक त्यांना सभेतून उठवून किडकी बोंडं दाखवायला शिवारात न्यायचे, आणि ते जायचे.

बाजार खुला झाला, तशी बियाण्यांची रंगीत पाकिटं दुकानोदुकानी लटकू लागली. एका हंगामात बोंडअळीनं कापूस खाल्ला. पक्षानं बियाण्याविरुद्ध सभा लावली. मी तेव्हा सुट्टीवर आले होते. अण्णा आधी शिवारं फिरून आले, मग माईकसमोर उभे राहिले.

"बियाणं खोटं न्हाई. फवारणीच्या औषधात भेसळ हाय. मी झाडं बघून आलोय."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "पोरगी कंपनीत हाय, म्हणून बोलता का?"

मी बायकांत बसले होते, मान खाली घातली. अण्णांचा आवाज मात्र चढला नाही. "पोरगी कंपनीत हाय, खरं हाय. म्हणून झाडाला खोटं पाडू का?"

पुढच्या निवडणुकीत पक्षानं त्यांना तिकीट दिलं नाही. मी नोकरी सोडते म्हणाले, तर ते चिडले. "काऊन? तू काय चोरी केलीस?" आणि नव्या उमेदवाराच्या सभेसाठी सतरंज्या अंथरायला निघून गेले.

आज अण्णा नाहीत. माझी मुलं तेलुगूत भांडतात, माझ्या मराठीतही 'इतकंच'च्या जागी 'अंते' आणि 'बरं'च्या जागी 'सरे' शिरलंय. पण एखाद्या दिवशी कंपनीला नको असलेला निष्कर्ष समोर येतो, बॉस "जरा बघा ना मॅडम" म्हणतात, आणि मी तो आहे तसा रिपोर्टात लिहिते. त्या दिवशी मला गावाची आठवण येत नाही. मी तिथंच असते.